आवडू आणि काळी भिंत

फार वर्षं झाली. किती ते विचारू नका, मी मोजायला बसलो नव्हतो. आपलं कोरलीचं टोक तेव्हाही असंच समुद्रात घुसलेलं होतं. वर लाल जांभा, खाली काळा कातळ. जमिनीच्या पोटातला तापलेला रस भेगेतून वर चढला आणि तिथेच थिजला, त्याची ही उभी भिंत झाली, असं म्हणतात. भिंतीच्या या अंगाला गोडी विहीर, त्या अंगाला खारा समुद्र.

थिजताना भिंतीला चिरा पडल्या, आणि लाकडं रचावीत तसे तिचे दगड आडवे रचल्यासारखे झाले. छिन्नी नको, घडवणं नको. पहारीने उचकटला की जोत्याला तयार. मग काय, आळशांना आयतं मिळालं. खोताने पहिलं जोतं बांधलं, त्याचं बघून सगळ्या गावाने.

एकटी आवडू भांडत होती. विधवा बाई, तोंडाची फटकळ. विहिरीचा गाळ काढायला तीच उतरायची, म्हणून गोडं पाणी कशाने अडलंय ते तिला ठाऊक. ती भिंतीवर जाऊन बसली. खोत हसला. म्हणाला, "ऊठ गो आवडे, दगड आहे तो. तुझा घोव नव्हे."

ती म्हणाली, "घोव मेला, तरी मी जगले. ही गेली तर तुम्ही जगायचे नाहीत."

मेल्यांनी तिला उचलून बाजूला ठेवलं. त्याच चैतातल्या उधाणाला भिंत फुटली आणि विहीर खारट झाली. गुरं हंबरायला लागली, पोरं ओठ चाटायला लागली. आवडूने कुणाची समजूत काढली नाही. दारोदार उभी राहून एकेकाच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि जोती उकलायला लावली. ओहोटीला दगड परत गेले. तरी माणूसभर खिंडार उरलं, कारण एका घराने दगड लपवले होते. ते घर आमचं. कशाला झाकू?

भरती आली तशी आवडूने खिंडारात पाठ लावली. पाणी उतरलं तेव्हा तिथे बाई नव्हती, सलग काळा कातळ होता, असं म्हणतात. तिसऱ्या दिवशी विहीर गोड झाली.

तिचं देऊळ नाही. दर चैतात गावातली सगळ्यात म्हातारी बाई भिंतीवर बसते आणि घराघरातल्या कर्त्याला नाव घेऊन झाडते. उलट बोलायचं नाही. आमच्या घराने त्या दिवशी लपवलेल्यातला एक दगड डोक्यावरून भिंतीपाशी न्यायचा. मी साठ वर्षं नेतोय. तो कुठे बसत नाही. आवडूने जागाच ठेवलेली नाही.