अर्धी कोरलेली प्लेट

“मशीन चालू ठेवून दादा निघाला कुठं होता?”

हा प्रश्न मी पोलिसांना विचारला, वहिनीला विचारला, चौकातल्या टपरीवाल्यालाही विचारला. उत्तर कुणी दिलं नाही. मग दस्तगीर उस्तादांना विचारला.

ते म्हणाले, “आधी मशीन दाखव.”

दस्तगीर उस्तादांची चाळीस वर्षं लोखंड कातणाऱ्या लेथवर गेली. दादा सहा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. मी दोन दिवस टिकलो होतो.

मशीन मागच्या पत्र्याच्या खोलीत. भंगारातलं लोखंड, जुन्या मोटारी आणि एक कॉम्प्युटर जोडून दादानं ते घरीच बनवलं होतं. कॉम्प्युटर सांगेल तसा कटर फिरतो आणि धातू कोरतो. त्यावर अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट आवळलेली होती. अर्धीच कोरलेली.

वहिनी शिवणकाम करते. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तिच्या शिलाई मशीनला मोटार बसवायची होती. ही प्लेट त्या मोटारीची बैठक. एका दुपारी दादानं काम मध्येच थांबवलं, गाडी काढली, आणि हायवेवर ट्रकखाली गेला.

“एकोणीस दिवस झाले,” मी म्हणालो. “बंद केलेलं नाही.”

“का?”

“काम कुठून मोजायचं ती जागा मशीनच्या डोक्यात आहे. दादानं लावलेली. वीज गेली की पुसली जाणार. म्हणून घरचा इन्व्हर्टर इकडं जोडलाय.”

“आणि घरात?”

“वहिनी म्हणाली, राहू दे.”

सकाळपासून लाइट नव्हती. आतून शिलाई मशीनच्या पायडलचा आवाज येत होता. पंख्याचा येत नव्हता.

उस्ताद मशीनवर वाकले.

“कटर का मोडतात एवढंच सांगा. तीन मोडले. हा शेवटचा. बाकीचं ज्ञान मला नको.”

“चालवलंस कसं?”

“हळू. एकदम हळू. दादाची प्लेट आहे.”

त्यांनी प्लेटवरचा चुरा चिमटीत घेतला. पिठासारखा होता. मोडलेल्या कटरच्या खाचेत अ‍ॅल्युमिनियम चिकटून घट्ट बसलं होतं.

“घासलंस. कापलं नाहीस.”

“म्हणजे जोरात चालवू? आणि प्लेट गेली तर?”

त्यांनी माझा हात धरला आणि मशीनच्या मोटारीवर ठेवला. चटका बसला.

“काय करतीय ही?”

“काही नाही. उभी आहे.”

“नुसती उभी राहून एवढी तापली?”

“जागा धरून आहे.”

“एकोणीस दिवस...” उस्ताद म्हणाले.

इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. बॅटरी संपत आली होती. मी तिकडं वळलो, तेवढ्यात त्यांनी हात लांब केला आणि बटण पाडलं.

मी त्यांची कॉलर धरली. माझ्या बापापेक्षा मोठ्या माणसाची.

“दादाचं तेवढंच राहिलं होतं. तुम्ही कोण बंद करणारे?”

त्यांनी कॉलर सोडवली नाही. तसेच उभे राहिले.

“प्लेटला छिद्रं किती पाडलीत त्यानं?”

“दोन.”

“कुठं?”

“प्लेटच्या नकाशात आहेत.”

“मग जागा मशीनच्या डोक्यात कशाला शोधतोस? ती प्लेटवरच आहे.”

खिशातून त्यांनी एक गुळगुळीत पोलादी पिन काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. माझ्या हातातून कॉलर कधी सुटली, कळलं नाही.

चार वाजता लाइट आली.

कटरच्या जागी पिन बसवली आणि दादाच्या पहिल्या छिद्रावर आणली. केसभर डावीकडं. केसभर मागं. पाठीला घाम फुटला होता. खाली सोडली... कुठंही न टेकता आत उतरली. नकाशाप्रमाणं सरकवली, तर दुसऱ्या छिद्रातही उतरली.

मग शेवटचा कटर लावला. उस्तादांनी प्लेटवर रॉकेलचे चार थेंब टाकले.

“चौपट वेगानं पुढं सरकव.”

“चौपट?”

“मोडला तर शिव्या घाल. कॉलर धरून झालीच आहे.”

मी बटण दाबलं आणि डोळे मिटले. या वेळी कटरचं किंचाळणं नव्हतं. करकर असा भरीव आवाज होता. हातावर काही टोचलं म्हणून डोळे उघडले. धातूच्या तांदळाएवढ्या चकचकीत चिपा उडत होत्या. गरम होत्या.

अकरा मिनिटांनी मशीन थांबलं. मी भीत भीत प्लेटला बोट लावलं.

“ही गार कशी?”

“ऊब घेऊन चिप गेली,” उस्ताद म्हणाले.

मी प्लेट घेऊन घरात गेल्यावर वहिनीनं मशीनवरचं अर्धवट ब्लाउज उचललं आणि पायडलवरचे पाय मागं घेतले. आधी मी इन्व्हर्टरची वायर तिच्या पंख्याला परत जोडली. मग शिलाई मशीनला प्लेट लावली. एक बोल्ट आवळला, दुसरा आवळला, तिसरा आवळला.

आणि हात थांबला.

“उस्ताद, दादाचाही कटर अडकला असणार. म्हणून निघाला. तुमच्याकडंच येत होता का तो?”

वहिनीनं मान वर केली.

उस्ताद उंबऱ्यात उभे होते. चप्पल घालता घालता थांबले.

“सांगा ना.”

“चौथा बोल्ट तुझ्या मुठीत आहे. तो आवळ,” ते म्हणाले.