पलीकडच्या काठापर्यंत

तळी बोलायची त्या काळातली ही गोष्ट. एकदा तळं आटू लागलं. कुठे जायचं हे ठरवायला म्हैसमावशीने सगळ्यांना काठावर बोलावलं. तिने काहीही विचारलं की बेडूक लगेच उत्तर द्यायचा आणि बाकीचे माना हलवायचे.

या वेळी तिने खुराने एक खडा पाण्यात ढकलला.

"तरंग पलीकडच्या काठाला लागेपर्यंत कुणी बोलायचं नाही."

"पण मला येतंय की उत्तर. ओढ्याला जायचं," बेडूक कुरकुरला.

"येतंय ना? मग पळून नाही जाणार ते."

तरंग काठाला लागला. तेव्हा गोगलगाय हळूच म्हणाली, "ओढ्याच्या वाटेवर तापलेला खडक आहे. त्यावर मी वाळून जाईन."

बेडकाने ओढ्याच्या वाटेकडे पाहिलं. मग तोच म्हणाला, "मावशी, अजून एक खडा ढकल."