बेटावरची बाभूळ

फार पूर्वी एका नदीच्या दोन्ही काठांवर सगळ्या पाखरांचं एकच राज्य होतं. म्हातारा गरुडराजा वारला आणि राज्याची वाटणी झाली. अलीकडचा काठ सातभाई पाखरांचा देश ठरला, पलीकडचा पावशा पाखरांचा.

भुरी नावाच्या सातभाईणीच्या घरट्यात कुणा पावशीने अंडं घातलं होतं. ते पिल्लू भुरीनेच वाढवलं. सातभाईंचा म्होरक्या म्हणाला, “भुरे, हा आपल्यातला नाही. त्याला त्याच्या देशात पोचव.”

जड मनाने ती त्याला पलीकडे घेऊन गेली. तिथले पावशे म्हणाले, “बाळा, आपल्या बोलीत काहीतरी बोल बघू.” पिल्लाने सातभाईंसारखाच कलकलाट केला. “हा कसला पावशा!” म्हणत त्यांनी दोघांना परत धाडलं.

“आई, मग मी कुठला गं?” पिल्लाने विचारलं.

नदीच्या मधोमध एक उघडं बेट होतं. वाटणीत ते कुणीच मागितलं नव्हतं. तिथल्या बाभळीवर भुरी काड्या रचू लागली.

सकाळी तिचा सगळा थवा तिकडे येऊन उतरला. “तुला टाकून आम्हाला झोप कुठली लागायला!” ते म्हणाले.

अलीकडच्या काठावर म्होरक्या एकटाच हद्द राखत बसला.