गाणाऱ्या डब्याची भूक

फार फार जुनी नाही, मागच्या विज्ञान प्रदर्शनाच्या वेळची गोष्ट. नववीतल्या निलोफरने शाळेच्या कचऱ्याच्या डब्याला सेन्सर, दोन दिवे आणि एक छोटा स्पीकर बसवला. पोटात कचरा पडला की डबा डोळे मिचकावून गायचा, "वा रे पठ्ठ्या, शाळा स्वच्छ!" प्रदर्शनात पहिला नंबर आला आणि डब्याची मान ताठ झाली.

मग गाणं ऐकायला पोरांची रांग लागली. कचरा संपला, तेव्हा पोरांनी वह्यांची कोरी पानं फाडली, पेन्सिली बोटभर उरेपर्यंत तासल्या. मधल्या सुट्टीतच डबा भरून सांडू लागला.

"बघितलंस? शाळा स्वच्छ ठेवावी तर मीच!" तो कोपऱ्यातल्या केरसुणीला म्हणाला.

"बाबा रे," केरसुणी म्हणाली, "तू मुका होतास तेव्हा मी दिवसातून एकदा झाडायचे. आता चारदा झाडते. पोरं कचरा टाकत नाहीत, तुझ्यासाठी कचरा करतात."

डब्याचे दिवे मंदावले. दुसऱ्या दिवशी निलोफर त्याला पुसायला आली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, माझं गाणं उलटं जोडशील?"

आता डबा दिवसभर गप्प असतो. शाळा सुटताना कचरा तळाशीच असेल, तरच गातो. पोरं श्वास रोखून भोवती उभी राहतात. परवा एकजण बोटभर पेन्सिल आत टाकायला निघाला, तर सगळी पोरं ओरडली, "अरे थांब, अजून लिहिते ती!"