दहा हजार नऊ चिरे

रास लागून होईपर्यंत ही गोष्ट सांगायची नसते. सांगितली तर चिरे रुसतात म्हणे. पण खाली खाणीवर अजून मोजणी चालली आहे, तोवर हळूच सांगते.

किती पिढ्या झाल्या, कुणालाच ठाऊक नाही. कातळवाडीत तळं बांधायचं ठरलं आणि खाणीतून जांभ्याचे चिरे निघाले. तेव्हाची रीत अशी, की चिऱ्यांची रास सारख्या ओळींत लावायची. ओळी पुऱ्या झाल्या तर रास खरी. काही उरलं तर चोरी झाली. राखणीला धाकू होता. तो बोलताना अडखळायचा, म्हणून त्याच्या वतीने त्याची बहीण येसू बोलायची.

चिरे भरले दहा हजार नऊ. कारभारी विसाजीने दहाच्या ओळी लावल्या, नऊ उरले. बाराच्या लावल्या, एक उरला.

"झालं! धाकू, सामान बांध आणि वेशीबाहेर हो."

येसू पुढे आली. "चोरी नाही झाली, कारभारी. हा आकडाच हट्टी आहे. कुठल्याच ओळींत बसायचा नाही."

"तुझ्यासारखाच का गो?" लोक हसले.

"माझ्यासारखाच. लावून दाखवते. तोवर माझा भाऊ गावातच राहील."

गावच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

तिने दोनच्या ओळी लावल्या, एक उरला. तीनच्या लावल्या, एक उरला. चार तिने सोडूनच दिले. दोनच्या बसल्या नाहीत, तर चारच्या कशा बसतील? असे आधीच्या आकड्यांत मोडणारे सगळे आकडे तिने पुढेही सोडले. पाचला चार उरले, सातला सहा. हाताची सालं निघाली. तेराच्या ओळींना गावच्या बायका येऊन हात लावू लागल्या. असं म्हणतात, तिथून पुढे चिरे सुपारीएवढे हलके झाले. असंही म्हणतात, की चुकलेला चिरा आपणच सरकून ओळीत यायचा.

पंचविसाव्या वेळी सत्त्याण्णवच्या ओळी लागल्या. अठरा उरले. येसू खाली बसली.

"दमलीस? अजून शंभराच्या पुढचं सगळं राहिलंय की!" विसाजी म्हणाला.

"पुढे काही नाही, कारभारी. ओळ शंभराहून लांब केलीत, की ओळींची संख्या शंभराच्या आत येते. जरा रास बाजूने बघा. उभ्या ओळी आडव्या होतात, आणि तेवढ्या ओळी मी लावून बसले."

विसाजी राशीला वळसा घालून बाजूला गेला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पागोटं उतरवलं आणि एक चिरा स्वतः उचलून धाकूला बसायला दिला.

तो चिरा तळ्यात लावला नाही. अजून काठावर आहे. कातळवाडीत कुणावर आळ आला, की त्याला आधी येसूच्या चिऱ्यावर बसवतात, पाणी देतात. आळ घेणाऱ्याच्या ओंजळीत पंचवीस खडे ठेवतात. एकेक गोष्ट पडताळायची आणि एकेक खडा तळ्यात टाकायचा. पंचविसावा खडा बुडेपर्यंत त्याने तोंडातून ‘चोर’ हा शब्द—

"अगो, कुठे बसलीस? ये लवकर खाणीवर, एक चिरा उरतोय!"