शर्यतीचा हललेला फोटो

खाडीच्या मुखाशी सातपाणी नावाचं गाव होतं. गावात वाड्या दोन, खारवाडी आणि बंदरवाडी, पण फोटो स्टुडिओ एकच. तो हेमांगी नाखवा हिचा. हेमांगी खारवाडीची असली तरी लग्न कुठल्याही वाडीत असो, फोटो तिच्याच हातचे लागत.

दर वर्षी दोन्ही वाड्यांच्या होड्यांची शर्यत लागे. जिंकणाऱ्या वाडीच्या देवळात वर्षभर मानाची ढाल राही. गेली कित्येक वर्षं ती बंदरवाडीतून हलली नव्हती. यंदा खारवाडीच्या होडीचं सुकाणू हेमांगीच्या थोरल्या भावाकडे, नवनाथकडे होतं आणि त्यानं वर्षभर पोरांकडून जीव तोडून वल्ही मारून घेतली होती.

शर्यत अशी रंगली की दोन्ही होड्या शेवटची खूण म्हणून रोवलेल्या बांबूपाशी बरोबरीनंच आल्या. प्रत्येक वाडीचा एक पंच तिथे उभा होता. दोघांनीही आपापल्या वाडीचं नाव पुकारलं. झालं, धक्क्यावर एकच कल्ला उठला.

मग कुणाला तरी आठवलं की नेमक्या त्या क्षणी हेमांगीनं फोटो काढला होता. सगळे तिच्याभोवती जमले. फोटो होता खरा, पण गर्दीत तिला धक्का बसला होता आणि कॅमेरा हलला होता. पाण्यावर दोन लांबट डाग तेवढे दिसत होते.

"कॉम्प्युटरवर साफ होतात म्हणे असले फोटो," बंदरवाडीचे म्हातारे धर्मा तांडेल म्हणाले. "हेमांगी करेल. सकाळी त्यात जे दिसेल ते आम्हाला मान्य."

"ती खारवाडीची आहे, काका," त्यांच्यातलाच एक जण कुजबुजला.

"असू दे की. माझ्या तिन्ही पोरींच्या लग्नाचे फोटो तिनंच काढलेत."

त्या संध्याकाळी हेमांगी स्टुडिओत कॉम्प्युटरसमोर बसली. पुसट फोटो ठळक करणारी सॉफ्टवेअरं तिनं शोधून काढली. पहिल्यानं होड्यांच्या कडांना पांढरी रेघ मारली आणि खाडीच्या पाण्याची वाळू करून टाकली. ते तिनं लगेच बंद केलं.

दुसऱ्यानं मात्र कमाल केली. एक बटण दाबलं आणि फोटो लख्ख झाला. फळ्या, दोर, वल्ह्यांवरून निथळणारं पाणी, सगळं दिसू लागलं. आणि खारवाडीच्या होडीचं टोक चांगलं वीतभर पुढे होतं.

हेमांगीनं नवनाथला हाक मारली. तो धावत आला, पडद्याकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. "सांगत नव्हतो मी? आपणच पुढे होतो."

हेमांगीलाही हसू आवरेना. वल्हेकऱ्यांचे चेहरे बघावेत म्हणून तिनं फोटो मोठा केला, आणि ती थबकली. पुढच्या वल्ह्यावर बसलेल्या जनूला झुबकेदार मिशी होती. जनूला तर अजून धड मिसरूडही फुटलं नव्हतं.

"मिशी राहू दे गं. टोक बघ," नवनाथ म्हणाला.

पण तिच्या मनातून ती मिशी जाईना. सकाळी पूजेच्या वेळी तिनं होडीचा एक स्वच्छ फोटो काढला होता. तो तिनं मुद्दाम पुसट केला आणि त्याच सॉफ्टवेअरला दिला. होडीच्या टोकावर बांधलेल्या नारळाच्या जागी एक गुळगुळीत टक्कल उगवलं, तेही दोन कानांसकट. होडीचं नाव सुरेख अक्षरांत उमटलं, पण ती अक्षरं कुठल्याच भाषेतली नव्हती.

मग तिनं तिसरं सॉफ्टवेअर घेतलं. ते दिसायला अगदी साधं होतं. त्याच पुसट फोटोत त्यानं नारळ थोडासा उठावदार केला. नाव मात्र वाचता आलं नाही ते नाहीच. जे फोटोत उरलं नव्हतं, ते त्यानं पुसटच ठेवलं.

"हेच बरं," हेमांगी म्हणाली आणि शर्यतीचा फोटो तिनं त्यात घातला. दोन होड्या वेगळ्या ओळखू आल्या, पण पुढे कोण होतं ते काही केल्या उमगेना.

नवनाथचा आवाज खाली आला. "तो लख्ख फोटोच दाखव ना. त्यांनी तर आधीच मान्य केलंय."

"दादा, तो फोटो काढलेला नाही, रचलेला आहे."

"वर्षभर राबलोय आम्ही."

"ते मी रोज बघत होते," हेमांगी म्हणाली. नवनाथ न जेवताच उठून गेला.

सकाळी देवळापुढे दोन्ही वाड्या जमल्या. हेमांगीनं लख्ख झालेला आणि साध्या सॉफ्टवेअरमधून निघालेला, असे दोन्ही फोटो दाखवले, आणि नारळाचं टक्कलही दाखवलं. टक्कल बघून बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. मग ती म्हणाली, "माझा हात हलला. पुढे कोण होतं हे या फोटोतून कळत नाही. लख्ख फोटोत आम्ही जिंकलेलो दिसतो, पण मीही तो खरा मानत नाही."

खारवाडीची माणसं चुळबुळली. नवनाथनं मान फिरवली.

धर्मा तांडेल काठी टेकत उभे राहिले. "पोरीनं तो एकच फोटो दाखवला असता, तर आम्ही गुमान ढाल दिली असती. आता ती आम्ही तरी कशी ठेवून घ्यायची? भरती आली की पुन्हा होड्या सोडा."

भरती आली, होड्या सुटल्या. या वेळी वाद व्हायला जागाच राहिली नाही. बंदरवाडी अर्ध्या होडीनं जिंकली.

नवनाथ चिंब भिजून धक्क्यावर चढला. तसाच बहिणीसमोर आला. मग त्याला हसू फुटलं. "हरलो. पण आता मनात काही सलत नाही. चल, आमचा सगळ्यांचा एक फोटो काढ."

दोन्ही वाड्यांचे वल्हेकरी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. तो फोटो दोन्ही देवळांत लागला. त्या दिवसापासून शर्यतीचा शेवट सांगायला दोन पंच उभे राहत नाहीत. दोन्ही वाड्यांच्या वतीनं एकटी हेमांगी उभी राहते.

तात्पर्य: मनासारखं दाखवणाऱ्यापेक्षा आहे तेवढंच दाखवणारं निवडावं. जो "मला दिसत नाही" असं मोकळेपणानं सांगतो, त्याच्या "मला दिसलं" या शब्दावर सारा गाव विसंबतो.