झिपरूअप्पांच्या खोलीतल्या मुंग्या

"पण बाबा, बाकीच्या खोल्यांत चित्र आरशासारखं, मग अप्पांच्याच टीव्हीवर मुंग्या का?"

हिंमतने असं विचारलं तेव्हा नूरशा फकीर त्याच्या ओट्यावर पाय धूत होते.

"तू काय करतोस?"

"केबलचं काम. अख्ख्या गावात वायर माझ्या हातची आहे."

"मग मला का विचारतोस?"

हिंमत घुटमळला. आई गेल्यापासून अप्पांनी तोंड उघडलं नव्हतं. जेवायला हाक मारली की येत, जेवून खाटेवर जाऊन बसत. त्यांना सोबत व्हावी म्हणून तर तिथे टीव्ही लावला होता...

फकीर आत गेले आणि अप्पांच्या शेजारी टेकले.

दुपार कलत होती. पडद्यावर पांढरे ठिपके भिरभिरत होते. दोघे म्हातारे बघत राहिले.

हिंमत खिडकीशी उकिडवा बसला. चौकटीत मुडपलेली केबल त्याने मोकळी केली, टोक नव्याने सोललं. केबलच्याच वरच्या जाळीची केसाएवढी तार मधल्या तांब्याला चिकटली होती. सापडलं! त्याला मनातून हसू फुटलं.

मागे कुणीतरी पुटपुटत होतं. झोपेत यावा तसा आवाज.

"...सरकी काढायच्या जिनात असाच उडायचा कापूस. कौतिकच्या केसांत बसायचा. ती म्हणायची, राहू द्या... मी एकेक वेचायचो..."

फकीर हुंकार देत होते.

हिंमतने जोड पिळून घट्ट बसवला.

ठिपके विरले. पडद्यावर निळ्या साडीतली बाई बातम्या सांगू लागली, अगदी स्वच्छ.

"गेल्या मुंग्या! बघा बाबा, चित्र कसं आलंय!"

अप्पांचे ओठ अर्धवट उघडे होते. ते हळूहळू मिटले.

"बाबा... आत्ता अप्पा बोलत होते?"

फकीर पडद्याकडे बघत राहिले.

हिंमतने घाईघाईने जोड उलटा फिरवला. केबल निघाली. पडदा पुन्हा पांढरा झाला, खोलीभर मंद खरखर पसरली. केबलचं टोक हातात धरूनच तो खाटेपाशी जमिनीवर येऊन बसला. कौतिक... आईचं नाव अप्पांच्या तोंडून ऐकून किती दिवस झाले होते...

तो वाट बघत राहिला. उन्हाची तिरीप भिंतीवर चढली.

"बाबा," तो फकिरांकडे वळला, "काहीच येत नाहीये."

फकीर काठी टेकत उठले.

"हातातली वायर खाली ठेव."